संगणक-सल्ला : सहा पंखे, दोन हेडर आणि एक विझलेला पंखा

प्रश्न : आम्ही सांगलीत मार्केट यार्डाजवळ राहतो. वडिलांची हळदीची अडत आहे. तिचे हिशेब आणि माझे व्हिडिओ संपादन अशी दोन्ही कामे घरातील एकाच संगणकावर चालतात. उन्हाळ्यात तो फार तापत असल्याने मी तीन आरजीबी (रंगीत दिव्यांचे) पंखे असलेले नवे कॅबिनेट घेतले आणि त्याच प्रकारचे आणखी तीन पंखे वेगळे आणले. प्रत्येक पंख्याला दोन वायरी आहेत. मदरबोर्डवर मात्र प्रोसेसरच्या पंख्याची जागा सोडली तर पंख्यांसाठी दोनच हेडर (वायर जोडण्याच्या पिनांच्या जागा) आहेत, तसेच दिव्यांसाठी एक चार पिनांचे आणि एक तीन पिनांचे हेडर आहे. तीन पिनांचे हेडर कोपऱ्यात असल्याने वायर पोहोचेना, म्हणून मी एका पंख्याच्या दिव्याची वायर थोडा जोर लावून चार पिनांच्या हेडरवर बसवली. दिवे क्षणभर लखलखले आणि विझले, ते पुन्हा लागलेच नाहीत. पंखा मात्र अजून फिरतो. गावातील एका दुकानदाराने एकच स्प्लिटर (एका जोडणीच्या अनेक शाखा करणारी वायर) आणून सहाही पंखे एका हेडरवर जोडण्यास सांगितले आहे. तसे करावे का?
— एक वाचक, सांगली

उत्तर : तसे करू नका. का, ते समजण्यासाठी आधी आरजीबी पंखा म्हणजे एकाच वाड्यात राहणारी दोन बिऱ्हाडे आहेत हे लक्षात घ्यायला हवे. एक बिऱ्हाड मोटरचे, दुसरे दिव्यांचे. दोघांची वीज वेगळी, वायर वेगळी आणि मदरबोर्डवरचे दारही वेगळे. तुमच्या पंख्याचे दिवे गेले तरी तो फिरत राहिला, याचे कारण हेच. मोटर १२ व्होल्टवर चालते आणि तिला धक्का लागलेलाच नाही.

दिव्यांचे काय झाले ते आता पाहू. पंख्यांतील दिव्यांचे दोन प्रकार बाजारात आहेत. साध्या आरजीबीमध्ये १२ व्होल्ट असतात. चार पिनांपैकी एकीवर वीज येते आणि उरलेल्या तीन हिरव्या, लाल व निळ्या रंगासाठी असतात. त्यामुळे पंख्यातील सर्व एलईडी एका वेळी एकच रंग दाखवतात. दुसरा प्रकार एआरजीबी. त्यात ५ व्होल्ट असतात आणि पिना तीन : वीज, डेटा आणि ग्राउंड. चौथ्या पिनेची जागा मुद्दाम रिकामी ठेवलेली असते. येथे प्रत्येक एलईडीत स्वतःची छोटी चिप असते आणि ती डेटाच्या पिनेवरून आलेला आपल्यापुरता हुकूम उचलून बाकीचा पुढच्या एलईडीकडे पाठवते. तुम्ही आणलेले पंखे याच दुसऱ्या प्रकारचे आहेत. पाच व्होल्टसाठी बनवलेल्या चिपला बारा व्होल्ट मिळाल्यावर तिचा निभाव लागणे शक्यच नव्हते. बहुतेक कनेक्टरमध्ये रिकाम्या पिनेचे छिद्र बुजवलेले असते, म्हणून चुकीच्या जागी ते सहज बसत नाहीत. मात्र काही स्वस्त कनेक्टरमध्ये ते उघडे राहते, आणि जोर लावला की मग कोणतेच कनेक्टर नाही म्हणत नाही.

म्हणून वायर हातात घेण्यापूर्वी हेडरशेजारी बारीक अक्षरांत छापलेले व्होल्ट टॉर्चच्या उजेडात वाचा. हेडरची नावे कंपनीगणिक बदलतात. एमएसआयच्या बऱ्याच बोर्डांवर पाच व्होल्टचे हेडर ‘जे-रेनबो’ आणि बारा व्होल्टचे ‘जे-आरजीबी’ या नावाने येते, गिगाबाइटच्या बऱ्याच बोर्डांवर पाच व्होल्टच्या हेडरला ‘डी-एलईडी’ म्हणतात. नाव ओळखीचे नसेल तर व्होल्टच्या आकड्यावर विश्वास ठेवा, पिनांच्या संख्येवर नव्हे. कनेक्टरवर एक छोटा बाण असतो. तो विजेच्या पिनेकडे, म्हणजे बोर्डावरील पहिल्या पिनेकडे यायला हवा. आणि वायर पोहोचत नसेल तर एक्स्टेंशन केबल मिळते, ती फारशी महागही नसते.

आता मोटरच्या वायरीकडे वळू. मदरबोर्डवरील पंख्याचे साधारण हेडर १ अँपिअरपर्यंतचा, म्हणजे १२ वॉटचा भार सोसते. नेमका आकडा बोर्डाच्या पुस्तिकेत दिलेला असतो. पंखा किती अँपिअर घेतो ते त्याच्या मधल्या गोल लेबलवर लिहिलेले असते. समजा तुमच्या पंख्यांवर ०.२० अँपिअर लिहिले आहे. सहा पंख्यांचे १.२ अँपिअर होतात, म्हणजे दुकानदाराच्या सल्ल्याने तुम्ही हेडरची मर्यादा पहिल्याच दिवशी ओलांडली असती. त्यातही पंखा थांबलेल्या अवस्थेतून सुरू होताना नेहमीपेक्षा अधिक वीज ओढतो, ही गोष्ट वेगळीच. याउलट दोन हेडरवर तीन-तीन पंखे वाटले तर प्रत्येकावर ०.६ अँपिअरच येतात आणि दोन साध्या स्प्लिटरवर काम निभते. स्प्लिटर वाईट नाही, हिशेब न करता लावलेला स्प्लिटर वाईट. अडतीच्या घरात हे अधिक सांगायला नको.

स्प्लिटर पाहताना एक गोष्ट तुम्हाला खटकेल : त्याच्या एकाच शाखेत सगळ्या पिना असतात आणि बाकीच्या शाखांत एक पिन कमी असते. तो दोष नव्हे. चार पिनांच्या पंख्यात ग्राउंड, १२ व्होल्ट, वेग कळवणारी वायर आणि वेग ठरवणारी पीडब्ल्यूएम वायर अशी रचना असते. पंखा प्रत्येक फेऱ्यात दोन ठोके देऊन आपला वेग कळवतो. तीन पंख्यांचे ठोके एकाच वायरीवर आले तर बोर्डाला काहीच उमगणार नाही, म्हणून एकाच पंख्याचे ऐकायचे ठरवलेले असते. त्या पूर्ण शाखेवर समोरचा, म्हणजे बंद पडला तर सर्वांत जास्त फरक पडेल असा पंखा जोडा. प्रोसेसरच्या पंख्याचे हेडर मात्र प्रोसेसरच्याच कूलरसाठी राखा. तेथे काही फिरताना दिसले नाही तर पुष्कळ बोर्ड संगणक सुरू होतानाच इशारा देऊन थांबतात.

दिव्यांचा हिशेब अधिक काटेकोर आहे. पाच व्होल्टचे हेडर बहुधा ३ अँपिअरपर्यंतचे असते. या वर्गातील जुन्या, सर्वत्र वापरल्या गेलेल्या एलईडी पूर्ण पांढऱ्या रंगात प्रत्येकी सुमारे ६० मिलिअँपिअर घेतात. नव्या चिप कमी घेतात, परंतु हिशेब वाईटात वाईट धरूनच करावा. एका पंख्यात १२ एलईडी धरल्या तर पंख्यामागे ०.७२ अँपिअर होतात. चार पंख्यांचे २.८८ झाले, म्हणजे हेडर काठोकाठ भरले. पाचवा पंखा जोडला तर एकूण ३.६ लागतील आणि तेथेच गाडी अडते. तुमचे चालू दिव्यांचे पंखे नेमके पाचच उरले आहेत. म्हणून साटा (हार्ड डिस्कला लागते तशी) वीजजोडणी असलेला एआरजीबी हब, म्हणजे अनेक पंख्यांचे दिवे एकत्र जोडणारा डबा, घ्यावा असे माझे मत आहे. असा हब बोर्डाकडून केवळ डेटा घेतो आणि वीज थेट एसएमपीएसकडून, म्हणजे संगणकाला वीज पुरवणाऱ्या डब्याकडून. साटा जोडणीवर पाच व्होल्टच्या तीन पिना प्रत्येकी दीड अँपिअरच्या, म्हणजे एकूण ४.५ अँपिअर मिळतात, आणि तुमचे पाच पंखे त्यात बसतात. ज्या साटा केबलवर हार्ड डिस्क आहे तिच्यावर हब लावू नका. मोलेक्सचे, म्हणजे जुन्या चार पिनांच्या वीजजोडणीचे, साटा करणारा, प्लास्टिक साच्यात ओतून बनवलेला जोड तर मुळीच वापरू नका. त्यातील वायरी आतल्या आत एकमेकींना टेकून वितळल्याची उदाहरणे इतकी आहेत की मी तो जोड कोणाच्या संगणकात पाहिला की आधी काढून टाकतो.

हबवर पाचही पंखे एकच नक्षी दाखवतील, कारण तो एकच डेटा पाचांना वाटतो. प्रकाश एका पंख्यातून दुसऱ्यात धावत जावा अशी हौस असेल तर पंखे एकामागून एक साखळीने जोडावे लागतात, परंतु मग भार पुन्हा एकाच हेडरवर येतो. शिवाय साखळीचे वागणे गणपतीच्या आरासीतील जुन्या माळेसारखे असते. मधली एक चिप मेली की डेटा पुढे जात नाही आणि त्यापुढचे सगळे अंधारात राहतात. तुमचा विझलेला पंखा म्हणूनच दिव्यांच्या जोडणीतून पूर्ण वगळा, त्याची फक्त मोटरची वायर लावा आणि तो मागच्या बाजूला, हवा बाहेर टाकण्यासाठी बसवा. मागे कोण पाहतो! राहिले पाच : तीन समोरून हवा आत घेणारे, एक छतावर मागच्या बाजूस हवा बाहेर टाकणारा, आणि कॅबिनेटच्या तळाशी किंवा बाजूला जाळीसह जागा असेल तर उरलेला तेथून हवा आत घेणारा. साध्या पंख्यात मोटरला धरणाऱ्या दांड्या ज्या बाजूला असतात त्या बाजूने हवा बाहेर पडते.

आत येणारी हवा बाहेर जाणाऱ्या हवेपेक्षा थोडी जास्त असावी, असे मी मुद्दाम सुचवतो. तसे असले की हवा जाळीतूनच आत येते, फटींमधून धूळ ओढली जात नाही. यार्डाजवळ हळदीची पिवळी पूड आणि गळीत हंगामात शेतात पाचट जाळल्यावर उडत येणारी काजळी या दोन्ही गोष्टी पंख्याच्या पात्यांवर चिकटून बसतात. समोरची जाळी महिन्यातून एकदा धुवा आणि पूर्ण वाळवून मगच बसवा.

काम सुरू करण्यापूर्वी संगणक बंद करून एसएमपीएसच्या मागचे बटणही बंद करा. तुमचे पाच व्होल्टचे हेडर शाबूत आहे का, हे पाहण्यासाठी आधी एकच चांगला पंखा थेट त्यावर लावून तपासा, नंतर हब आणा.

प्रश्न : माझ्या कॅबिनेटच्या पंख्यांना सहा पिनांची एकच वायर आहे. ती मदरबोर्डवर कोठे लावावी? पंखे कायम पूर्ण वेगाने फिरतात आणि रात्री अभ्यास करताना आवाज सहन होत नाही.
— एक विद्यार्थिनी, सातारा

उत्तर : ती वायर मदरबोर्डवर कोठेच लागत नाही. यात मोटर आणि दिवे यांच्या वायरी एकाच प्लगमध्ये गुंफलेल्या असतात, आणि पिनांचा क्रम उत्पादकागणिक वेगळा असतो. म्हणून ते पंखे केवळ त्यांच्यासोबत आलेल्या हबवरच चालतात आणि दुसऱ्या कंपनीच्या हबवर लावणे धोक्याचे आहे. तुमच्या हबवर बोर्डाकडे जाणारी एखादी पीडब्ल्यूएम वायर आहे का ते पाहा. असल्यास ती बोर्डावरील पंख्याच्या हेडरला जोडून बायोसमध्ये (संगणक सुरू होताना उघडता येणाऱ्या मदरबोर्डच्या सेटिंगमध्ये) त्या हेडरचा प्रकार पीडब्ल्यूएम निवडा. नसल्यास, किंवा आतील पंख्यांना पीडब्ल्यूएम समजतच नसल्यास, वेग हबच्या रिमोटनेच कमी करावा लागेल. तोही पर्याय नसेल तर तीन पिनांचे साधे पंखे घेऊन ते बोर्डावर लावा आणि बायोसमध्ये डीसी पर्याय निवडा. तेव्हा बोर्ड व्होल्ट कमी करून वेग उतरवतो. साताऱ्याच्या हवेत रात्री ते निम्म्या वेगानेही पुरेसे ठरतील.

प्रश्न : संगणक बंद केल्यावरही पंख्यांचे दिवे रात्रभर चालू राहतात. बिघाड आहे का?
— एक वाचक, कराड

उत्तर : बिघाड नाही. संगणक बंद असतानाही एसएमपीएस मदरबोर्डला ५ व्होल्टची राखीव वीज देत राहतो आणि काही बोर्ड ती दिव्यांच्या हेडरपर्यंत पोहोचवतात. बायोसमध्ये ‘ईआरपी’ नावाचा, ही राखीव वीज तोडणारा पर्याय चालू करा, दिवे विझतील. त्यानंतर कीबोर्डचे बटण दाबून संगणक सुरू होणे बहुधा बंद होईल, तेवढे चालवून घ्यावे लागेल.