इंजिनिअरिंग सोडून टी-शर्ट छपाईच्या धंद्यात पूर्ण वेळ उतरू का?

प्रश्न थोडक्यात असा: सांगलीत मेकॅनिकलच्या दुसऱ्या वर्षाला आहे, एम-थ्री (गणिताचा तिसरा पेपर) राहिलाय. दीड वर्षापासून एका मैत्रिणीसोबत टी-शर्ट छापून विकते. टी-शर्ट तिरुपूरहून मागवतो, प्रिंट बाहेरून करून घेतो. महिन्याला सरासरी दोनशे नग जातात, दर २८०. जास्त ऑर्डरी गॅदरिंग आणि टेक फेस्टच्या वेळी येतात. आता कर्ज काढून स्वतःचं डीटीएफ मशीन (डिझाईन आधी फिल्मवर छापून मग उष्णतेने कापडावर चिकटवायचं) घ्यायचंय. मैत्रीण कॉलेज सोडणार नाही, मी सोडावं का? घरचे म्हणतात, सोडलंस तर स्थळं बघायला घेऊ.

आता माझं उत्तर. मी कोल्हापुरात छपाईचं वर्कशॉप चालवते. तालमींचे आणि मंडळांचे टी-शर्ट, फुटबॉल संघांच्या जर्सी, हॉटेलांच्या स्टाफचे युनिफॉर्म, असलं सगळं. धंदा मूळ वडिलांचा. बी.कॉम.च्या दुसऱ्या वर्षी मी रोजचं कॉलेज सोडून दुकानात बसले आणि पदवी पुढे यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठातून पूर्ण केली. म्हणजे शिक्षण मधेच सोडण्याला माझा तत्त्वतः विरोध नाही. पण मी बसले तेव्हा दुकानात रोज गिऱ्हाईक येत होतं, आणि ते माझ्या ओळखीचं नव्हतं.

तुझं गिऱ्हाईक कोण आहे? गॅदरिंग, टेक फेस्ट, डिपार्टमेंटचे टी-शर्ट, सीनियर्सचे फेअरवेल. तुझं मार्केट म्हणजे तुझं कॉलेज आणि आजूबाजूची दोन-तीन कॉलेजं. तिथे तू ओळखीची आहेस, वर्गात जाऊन साइजची यादी करू शकतेस, पैसे सीआर, म्हणजे वर्गप्रतिनिधी, गोळा करून देतो. कॉलेज सोडलंस की हे गिऱ्हाईकही हळूहळू सुटणार. पुढच्या वर्षी कमिटीत नवी पोरं येतील आणि ती स्वतःच्या वर्गातल्या कुणाला तरी काम देतील. धंद्यासाठी कॉलेज सोडायचं आणि त्यातच धंद्याचं गिऱ्हाईक घालवायचं, असं व्हायला नको. म्हणून गेल्या दीड वर्षातल्या ऑर्डरी काढून बस आणि त्यातल्या किती अशा माणसांकडून आल्या की ज्यांचा तुझ्या कॉलेजशी काही संबंध नव्हता, ते मोज. त्यातल्या किती जणांनी दुसऱ्यांदा ऑर्डर दिली, तेही बघ. मला विचारशील तर बाकी सगळ्यापेक्षा हा आकडा महत्त्वाचा.

आता हिशेब करू. चांगला बायोवॉश (कापड मऊ करणारी धुलाई) केलेला, १८० जीएसएम वजनाच्या कापडाचा राउंड नेक तुला घरपोच साधारण १५० ला पडत असेल. पुढे-मागे मिळून प्रिंटचे ४५ धर. पिशवी, ने-आण आणि खराब गेलेले नग मिळून दहा रुपये. २८० मधून ७५ उरले. दोनशे नगांचे १५,०००, दोघींत वाटून प्रत्येकी साडेसात हजार. तेही सगळे पैसे वेळेवर आले तर. शिकता शिकता हे मिळवणं खरोखर कौतुकाचं आहे, हे मनापासून सांगते. पण पूर्ण वेळ माणूस पोसण्याइतकं ते अजून झालेलं नाही.

मशीन घेतलंस की प्रिंटचा खर्च निम्म्यावर येईल, नगामागे पंचवीसेक रुपये वाचतील. चार लाखांचं कर्ज, अकरा टक्के, पाच वर्षं धरलीस तर हप्ता साडेआठ ते नऊ हजारांच्या घरात जातो. नुसता हप्ता निघायला महिन्याला साडेतीनशे नग लागतील. दोनशे नगांवर मशीन पोसत नाही.

शिवाय डीटीएफ रोज लक्ष मागतं, हे विकणारा सांगत नाही. पांढऱ्या शाईत टायटॅनियम डायऑक्साइड असतो, तो जड असल्यामुळे तळाला बसतो. मशीन दोन-तीन दिवस बंद राहिलं की शाई हेडमध्ये, म्हणजे शाई सोडणाऱ्या भागात, सुकायला लागते. आमच्याकडे सकाळी शटर उघडल्यावर पहिलं काम नोझल चेक. फिल्मवर बारीक रेघांची जाळी छापली जाते, तिच्यात कुठे रेघ तुटलेली दिसली की क्लीनिंग, पुन्हा चेक, तरी नाही आली तर पुन्हा क्लीनिंग. एप्रिल-मेमध्ये हवा कोरडी असते तेव्हा खोलीत ह्युमिडिफायर चालू ठेवावा लागतो. हेड गेलं तर हजारोंचा फटका. तुझ्या पीएलच्या (परीक्षेआधीच्या अभ्यासाच्या सुट्टीच्या) तीन आठवड्यांत हे कोण करणार? सबमिशनच्या आठवड्यात?

म्हणजे मशीन घेतलंस की दोनच रस्ते उरतात. एक, पगारी माणूस ठेवणं. दुसरा, इतर छपाईवाल्यांचं जॉबवर्क घेणं: त्यांची डिझाईन आपल्या फिल्मवर छापून मीटरवर विकायची. डीटीएफमध्ये हप्ता निघतो तो बहुतेक वेळा अशा जॉबवर्कवर. पण त्यासाठी दिवसा जागेवर माणूस लागतो, कारण समोरच्याला दुपारी चारला फाईल पाठवून सहाला फिल्म हवी असते. कॉलेज आणि धंदा खरोखर एकमेकांच्या आड येतात ते इथे. या टप्प्याला पोचलीस तर सोडण्याचा विचार गंभीरपणे कर, मी तुला अडवणार नाही.

तिथे पोचलीस की नाही हे कळायला एक साधी वही घाल. येत्या सहामाहीत जी जी ऑर्डर हातची जाईल ती तारीख घालून लिही, आणि समोर कारण. प्रॅक्टिकल होतं म्हणून जाता आलं नाही? रेट जास्त वाटला? समोरच्याला उधारी हवी होती? तिरुपूरचा माल उशिरा आला? नाकारलेल्या ऑर्डरींपुढे बहुतेक ठिकाणी ‘लेक्चर’, ‘प्रॅक्टिकल’, ‘परीक्षा’ असं लिहिलेलं असेल, तर कॉलेज आड येतंय. रेट, उधारी आणि भांडवल हीच कारणं असतील, तर कॉलेज सोडून ती सुटणार नाहीत.

उधारीबद्दल एकच सांगते. मंडळाची ऑर्डर घेताना निम्मी रक्कम आधी आणि उरलेली माल उचलताना. विसर्जन झाल्यावर पैसे मागायला गेलं की कार्यकर्ते सापडत नाहीत. वर्गणी संपलेली असते.

आता सोडण्याच्या पद्धतीबद्दल, कारण ‘सोडणं’ म्हणजे लगेच दाखला काढून आणणं नव्हे. आधी एम-थ्री काढ. नव्या शैक्षणिक धोरणात पहिल्या वर्षानंतर प्रमाणपत्र, दुसऱ्यानंतर पदविका घेऊन बाहेर पडण्याची आणि पुढे परत येण्याची सोय आहे. पण त्यासाठी त्या वर्षापर्यंतचे सगळे क्रेडिट लागतात, वर एखादा जादा व्यावसायिक कोर्सही करावा लागतो. एक विषय राहिला तर दोन वर्षं शिकूनही पदविका हातात पडत नाही. तुझ्या कोर्सला यातलं नेमकं काय लागू आहे, ते परीक्षा विभागात जाऊन विचार आणि शक्यतो लेखी घे. दुसरं, विद्यार्थी आणि प्राध्यापकांसाठी केंद्राचं २०१९ चं नवोपक्रम आणि स्टार्टअप धोरण आहे. त्यात धंदा करणाऱ्या विद्यार्थ्याला मंजुरीने एक सत्र किंवा एक वर्षाचा ब्रेक द्यावा असं संस्थांना सुचवलेलं आहे. कॉलेजात इनोव्हेशन कौन्सिल असेल तर तिथल्या सरांना किंवा मॅडमना भेट. ब्रेक एका वर्षापुढे नेऊ नकोस. लांबला की सिलॅबसचा पॅटर्न बदलतो आणि नको ते विषय पुन्हा द्यावे लागतात. महाडीबीटी या सरकारी पोर्टलवरच्या राजर्षी शाहू महाराज शुल्क शिष्यवृत्तीलाही शिक्षणात दोन किंवा जास्त वर्षांचा खंड चालत नाही.

फीचं तू काही लिहिलं नाहीस. तुझा प्रवेश कॅप राउंडमधून, म्हणजे सरकारच्या केंद्रीभूत प्रवेश प्रक्रियेतून, झाला असेल, घरचं उत्पन्न आठ लाखांच्या आत असेल आणि तू ईडब्ल्यूएस, एसईबीसी किंवा ओबीसी प्रवर्गातली असशील, तर २०२४-२५ पासून राज्य सरकारने मुलींची शिक्षण आणि परीक्षा फी पूर्ण माफ केली आहे. तसं असेल तर राहण्याचा खर्च तुला फार पडत नाही, आणि ‘फी वाचवून मशीनला लावते’ हा मुद्दाही उरत नाही.

कर्जासाठी मात्र पदवीची गरज नाही. पंतप्रधान रोजगार निर्मिती कार्यक्रमात वय १८ पूर्ण आणि मोठ्या प्रकल्पाला आठवी पास एवढंच लागतं. महिलांना स्वतःचा वाटा पाच टक्के, अनुदान शहरात २५ आणि ग्रामीण भागात ३५ टक्के. तुझं गाव सांगलीच्या बाहेर असेल तर तिथे शेड टाकण्याचा विचार याच कारणाने कर. पण ही योजना फक्त नव्या युनिटला आहे. आधी मशीन विकत घेऊन मग अर्ज केलास तर अनुदान मिळणार नाही. आणि अनुदान तीन वर्षं बँकेत अडकून राहतं, ते हातात येईल असं धरून चालू नकोस.

लोक तुला हार्वर्ड सोडणाऱ्यांची नावं सांगतील. फेसबुक फेब्रुवारी २००४ मध्ये सुरू झालं, झुकरबर्ग उन्हाळ्याच्या सुट्टीत कॅलिफोर्नियाला गेला, तिथे पाच लाख डॉलरची गुंतवणूक मिळाली आणि मग तो परतला नाही. सोडलं तेव्हा धंदा पळत होता. त्यापेक्षा तुझ्या जिल्ह्यातलं उदाहरण मला जास्त जवळचं वाटतं. लक्ष्मणराव किर्लोस्कर मुंबईत व्हीजेटीआयमध्ये शिकवत असताना तिथून सायकली बेळगावला भावाकडे पाठवायचे. १८८८ चं ते सायकलचं दुकान भाऊ रामूअण्णा सांभाळायचे. नोकरी सोडून लक्ष्मणराव बेळगावला आले तेव्हा दुकान उभं होतं. तुझ्या जिल्ह्यातली किर्लोस्करवाडी १९१० ची, म्हणजे दुकान सुरू झाल्यावर बावीस वर्षांनी.

आता स्थळांचं. याबद्दल कुणी सहसा बोलत नाही, म्हणून मी बोलते. मुलगी कॉलेजात आहे तोवर नातेवाइकांना उत्तर द्यायला आईवडिलांकडे एक शब्द असतो. कॉलेज थांबलं की मुलगी कितीही काम करत असली तरी ती ‘घरीच असते’. माझ्याकडे कामाला आलेल्या मुलींच्या घरी हे मी पाहिलंय: बारा तास राबणाऱ्या मुलीला पाहुणे आले की चहाला उठवलं जातं, कारण ती घरातल्या खोलीत बसून काम करते. तेव्हा कधी सोडलंसच तर काम घराबाहेर ने. छोटा का होईना गाळा घे, त्यावर पाटी लाव, उद्यम नोंदणी कर, तिला पैसे लागत नाहीत. आणि वडिलांशी भांडण्याआधी त्यांच्यासमोर सहा महिन्यांचा जमाखर्च ठेव. ते नाही म्हणतात त्यात भीती जास्त असते. आकडे समोर आले की निदान बोलणं तरी लग्नावरून धंद्यावर येतं.

शेवटी तुझी मैत्रीण. ती कॉलेज सोडणार नाही, तू सोडणार, आणि नफा अजून निम्मा-निम्मा. हे सहा महिनेसुद्धा टिकणार नाही, आणि त्यात दोष कुणाचाच नसेल. आत्ताच बसून ठरवा: जी पूर्ण वेळ काम करेल तिला आधी महिन्याचा ठरावीक पगार, उरलेला नफा वाटायचा. मशीनचं कर्ज कुणाच्या नावावर, आणि एकीने उद्या बाहेर पडायचं म्हटलं तर तिचा हिशेब कसा लावायचा, तेही बोलून घ्या. भागीदारीचा करार स्टॅम्प पेपरवर करा आणि धंद्याचं चालू खातं वेगळं उघडा. आत्तापर्यंतचे पैसे तुझ्या यूपीआयवर येत असतील, तर पहिला हिशेब तिथूनच काढावा लागेल.