‘मी तर दरवेळी नाहीच दाबलं’

रात्री दोन-तीन वाजता मोबाईल उजळतो आणि गूगल खात्याबद्दल विचारतो, ‘तुम्ही साइन इन करत आहात का?’ ‘नाही’ दाबलं की थोड्या वेळानं पुन्हा तेच. फोन हॅक झालाय का, ही यामागची नेहमीची भीती. परभणी जिल्ह्यातल्या जिल्हा परिषद शाळेच्या एक शिक्षिका हीच भीती घेऊन आल्या होत्या. ओळख पटेल असे तपशील इथं बदलले आहेत.

“आठ दिवसांपासून सारखं यायलंय हे, झोपच लागंना,” बाई सांगत होत्या. त्यात घरचे म्हणत, तूच कुठं काहीतरी दाबलं असशील. शाळेतल्या एका सरांचा सल्ला होता की टू-स्टेप व्हेरिफिकेशन (पासवर्डनंतर फोनवर आणखी एकदा खात्री करून घेण्याची सोय) बंद करून टाका, कटकट मिटेल. हा सल्ला सगळ्यात घातक. पासवर्ड बाहेर गेला असेल तर आत शिरू पाहणाऱ्याला तेवढीच एक गोष्ट अडवून धरत असते.

फोनबद्दलची भीती आधी दूर केली. ही विनंती आली म्हणजे फोनमध्ये कुणी शिरलं असं नसतं. दुसऱ्या कुठल्यातरी यंत्रावर कुणीतरी तुमचा ईमेल आणि बहुधा बरोबर पासवर्ड टाकलेला असतो, किंवा ‘पासवर्ड विसरलो’ या वाटेनं खातं उघडायचा प्रयत्न चाललेला असतो. मजकूर नीट वाचला तर फरक कळतो, कारण दुसऱ्या प्रकारात खातं परत मिळवण्याबद्दल विचारलेलं असतं. उत्तरच दिलं नाही तरी आत कुणी येत नाही, विनंती आपोआप बाद होते. म्हणून रात्री नेट बंद करून झोपायला हरकत नाही. सारखं पाठवण्यामागचा डाव माणसाला दमवण्याचाच असतो, अर्धवट झोपेत ‘एकदाचं होय म्हणून टाकू’ असं वाटावं म्हणून. सप्टेंबर 2022 मध्ये उबरसाठी काम करणाऱ्या एका कंत्राटदारानं अशीच एक विनंती अखेर मान्य केली आणि हल्लेखोर कंपनीच्या आतल्या यंत्रणेपर्यंत पोचला. संगणकाच्या कंपन्यांत वावरणारी माणसं फसतात, तिथं बाईंनी स्वतःला दोष देत बसण्यात अर्थ नव्हता.

मग त्यांच्याच फोनवर सेटिंग्ज, गूगल, खातं व्यवस्थापन, सुरक्षा या वाटेनं डिव्हाइसची यादी उघडली. आलेल्या नोटिफिकेशनमधल्या किंवा मेलमधल्या लिंकवरून इथं कधी जायचं नाही. यादीत एक अनोळखी विंडोज संगणक होता आणि तो साइन इन झालेला होता. बाईंचा चेहरा उतरला. “मी तर दरवेळी नाहीच दाबलं हो!”

खरं होतं ते. यादीत आणखी एक हँडसेट दिसत होता, बाईंचा जुना. तो त्यांनी दिराच्या मुलाला ऑनलाइन तासांसाठी दिला होता, खातं न काढता. गूगलची विनंती खातं चालू असलेल्या प्रत्येक फोनवर जाऊ शकते. पुतण्याला विचारलं तर म्हणाला, गेम खेळताना मधी मधी यायचं, म्हणून दाबून मोकळा झालो. घरात एकाच माणसावर ठपका ठेवण्याआधी ही यादी बघावी ती यासाठी.

क्रम महत्त्वाचा. आधी अनोळखी संगणक साइन आउट केला, मग जुना फोन. नंतर पासवर्ड बदलला. जुना पासवर्ड शाळेचं नाव आणि 123 असा होता, तोच आणखी चार ठिकाणी होता, आणि तालुक्याच्या एका मल्टिसर्व्हिस दुकानातल्या संगणकावर फॉर्म भरताना ब्राउझरमध्ये सेव्हही झालेला. नवा पासवर्ड एकमेकांशी संबंध नसलेल्या चार शब्दांचा केला.

इथं बहुतेक जण थांबतात. पण आत येऊन गेलेला माणूस मागचं दार उघडं ठेवून जाऊ शकतो. म्हणून रिकव्हरीचा मोबाईल आणि ईमेल आपलाच आहे ना, नवी पासकी (पासवर्डऐवजी बोटाच्या ठशानं किंवा फोनच्या लॉकनं साइन इन करायची सोय) किंवा अ‍ॅप पासवर्ड (एखाद्या अ‍ॅपला खातं उघडू देणारा वेगळा पासवर्ड) जोडलाय का, हे पाहिलं. जीमेलच्या सेटिंगमध्ये फॉरवर्डिंग आणि फिल्टर तपासले. बँकेचे मेल गुपचूप दुसरीकडे वळवणारा किंवा थेट कचऱ्यात टाकणारा फिल्टर महिनोन्महिने लक्षात येत नाही. हे संगणकावरच्या ब्राउझरमधून पाहावं लागतं, मोबाईल अ‍ॅपमध्ये सगळं दिसत नाही. क्रोममध्ये सेव्ह असलेले पासवर्डही बदलायला सांगितले, बँकेचा सगळ्यात आधी. पैसे गेलेले नव्हते. गेले असते तर पहिलं काम 1930 या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर फोन.

फोन हाताशी नसताना साइन इन करायला लागणाऱ्या बॅकअप कोडचा नवा संच काढला, की जुना आपोआप रद्द होतो. एका संचात दहा कोड, प्रत्येक आठ अंकी आणि एकदाच चालणारा. कागदावर लिहून सातबाऱ्याच्या फायलीत ठेवले. ती फाईल मराठवाड्यात कुणी हरवत नाही.

विनंतीत दिसणाऱ्या गावावर फार भिस्त ठेवू नये. परभणीत बसून स्वतः साइन इन केलं तरी मोबाईल नेटमुळे मुंबई किंवा पुणे दिसू शकतं. वेळ आणि यंत्राचा प्रकार पाहावा. तीन आकड्यांतून एक निवडायला सांगितलं तर आपण स्वतः साइन इन करत असलेल्या पडद्यावर तो आकडा दिसत नसेल तर कुठलाच आकडा दाबायचा नाही. आणि विनंत्यांच्या माऱ्यानंतर “गूगल सपोर्टमधून बोलतोय, होय दाबा म्हणजे थांबेल” असा फोन आला, तर तो मारा करणाऱ्याचाच समजावा.

पासवर्ड बदलल्यावर बाईंच्या विनंत्या थांबल्या. त्यांच्या यजमानांच्या मायक्रोसॉफ्ट खात्याला मात्र तो उपाय लागू पडला नाही. त्यांनी पासवर्डशिवाय साइन इन चालू केलं होतं, त्यामुळे नुसता ईमेल माहीत असणारा कुणीही विनंती पाठवू शकत होता. तिथं खात्याला नवा ईमेल उपनाम (त्याच खात्याचा दुसरा पत्ता) म्हणून जोडला, तो मुख्य केला आणि साइन इनच्या पसंतीत जुन्या पत्त्यावरची खूण काढली. जुन्या पत्त्यावर मेल येत राहतात, पण त्यानं साइन इन करता येत नाही. नवा पत्ता फक्त साइन इनसाठी ठेवायचा, कुठल्याही फॉर्मवर लिहायचा नाही.