कानोसा : चप्पल करकरू दे

प्रश्न : अक्का, नमस्कार. मी अथणी तालुक्यातला, सध्या चिक्कोडीत शिकतो. रात्री हेडफोन लावून परदेशातल्या माणसांवरच्या लांबलचक ऑडिओ डॉक्युमेंटरी ऐकायचं वेड लागलंय. कुठं कोळ्यांचं गाव, कुठं खाणीतले मजूर. चित्र काही नसतं, तरी सगळं दिसतं. आमच्या मागच्या गल्लीत कोल्हापुरी चपला शिवणारी घरं आहेत. त्यांच्यावर मराठीत असं काही करावं म्हणतो. पण तिथले काका कन्नड बोलतात. शिवाय काही विचारलं की 'आमच्यात काय रे सांगण्यासारखं' म्हणून गप्प बसतात. आणि चाळीस मिनिटं ऐकणार कोण? – एक वाचक, अथणी

उत्तर : शेवटच्या अडचणीचं आधी बघू, कारण ती अडचणच नाही. यल्लम्माच्या डोंगरावर चौंडकं वाजवत जोगती कथा लावतात, तेव्हा माणसं रात्र रात्र मांडी मोडत नाहीत. लांबीनं कुणी उठून जात नाही, कंटाळ्यानं जातं. चाळीस मिनिटांचं चाळीस मिनिटांत सांग, वीस मिनिटांचं वीस मिनिटांत. हिशेब एवढाच.

आता काकांचं. 'काय सांगण्यासारखं' असं ते म्हणतात, कारण तू त्यांना 'तुमच्या आयुष्याबद्दल सांगा' असं काहीतरी विचारलं असणार. असल्या प्रश्नानं भलेभले गारठतात. आकाशवाणीवर नोकरीला असताना सत्काराला आलेले मोठमोठे लोकही या प्रश्नावर 'माझा जन्म अमुक गावी झाला' एवढं बोलून पाण्याचा ग्लास शोधायला लागलेले मी बघितलेत. काकांना कामाबद्दल विचार, आणि तेही हातात काम असताना. रापीनं तळ कापताना विचार की धार कधी गेली हे कसं कळतं. आरीनं भोक पाडून वादी ओढतात तेव्हा माईक हाताजवळ ने आणि तू गप्प बस. चामडं ओलं असताना वेगळं वाजतं, वाळल्यावर वेगळं. आणि चपलेची करकर! तळाच्या थरांमध्ये विंचू नावाच्या झाडाचं बी घालून ती आणतात. किती घालायचं, कुठं घालायचं, करकर जास्त झाली तर गिऱ्हाईक काय म्हणतं, हे विचारून बघ. दहा मिनिटं थांबणार नाहीत. घरातल्या बायका वेण्या घालतात, शिवण करतात, त्यांना विसरू नको. बहुतेक रूपकांत, म्हणजे रेडिओवरच्या असल्या कार्यक्रमांत, पुरुष बोलतो आणि बाई चहा आणते.

परदेशातलं ऐकतोस तर बीबीसीचे जुने रेडिओ बॅलड्स शोध. 1958 साली निर्माता चार्ल्स पार्कर आणि गायक इवान मॅकॉल, पेगी सीगर या तिघांनी ते सुरू केले. पहिला भाग जॉन ॲक्सन नावाच्या इंजिनचालकावर. आदल्या वर्षी त्याच्या मालगाडीच्या इंजिनात वाफेचा नळ फुटला, ब्रेक निकामी झाला, तरी त्यानं इंजिन सोडलं नाही, आणि त्यातच तो गेला. त्या काळची रीत अशी की साध्या माणसांच्या मुलाखती घ्यायच्या, त्यावरून संहिता लिहायची आणि स्टुडिओत नटांकडून वदवून घ्यायची. यांचाही बेत तोच होता. पण रेल्वेच्या माणसांच्या टेप ऐकल्या आणि नटांना बोलवायचं कारणच उरलं नाही. मूळ आवाज ठेवले, मधूनमधून गाणी गुंफली. पुढं 1960 साली उत्तर समुद्रातल्या हेरिंग मासेमारीवर त्यांनी जो भाग केला, त्याला प्री इतालिया हा आंतरराष्ट्रीय प्रसारण पुरस्कार मिळाला. त्यात सॅम लार्नर नावाचा नॉरफोकचा म्हातारा कोळी आहे. त्याची बोली ऐक. ती घासूनपुसून साफ केली असती तर त्या माणसात उरलं काय असतं?

म्हणून काकांचं कन्नड कन्नडच राहू दे. जगभरच्या चांगल्या माहितीपटांत करतात ते असं : आधी मूळ आवाज एकटा, दोनतीन वाक्यं पूर्ण. मग तो खाली न्यायचा आणि अनुवाद वर आणायचा. अनुवाद संपता संपता मूळ आवाज पुन्हा वर, म्हणजे वाक्याचा शेवट त्या माणसाच्याच तोंडून ऐकू येतो. अनुवाद वाचायला बातम्यांचा गळा नको. काकांच्याच वयाचा, जमल्यास तुमच्याच भागातला कुणी मराठी माणूस बसव. आणि कोल्हापूरचा व्यापारी माल न्यायला आला की काका मराठीत घासाघीस करत असतील ना? तो तुकडा हातचा घालवू नको. त्याला अनुवाद लागत नाही, निवेदनही लागत नाही.

एक सांगून ठेवते. 2025 साली मिलानमध्ये प्राडा या इटालियन कंपनीच्या फॅशन शोमध्ये असल्याच चपला दिसल्या, गदारोळ झाला, मग कंपनीनं भारतीय कारागिरीवरून प्रेरणा घेतल्याचं मान्य केलं. तुला तिथूनच सुरुवात करायचा मोह होईल. करू नको, सगळे तिथूनच करतात. त्यापेक्षा जीआय मानांकनाची, म्हणजे माल कुठल्या भागाचा ते ठरवणाऱ्या सरकारी नोंदीची, यादी बघ : नाव कोल्हापुरी, पण जिल्हे चार महाराष्ट्रातले आणि चार कर्नाटकातले, त्यात आपला बेळगाव. हे काकांना माहीत आहे का, आणि असलं तर त्यानं काय फरक पडला, हे विसाव्या मिनिटाला त्यांनाच विचार.


प्रश्न : माझ्या आजेसासूबाईंना जात्यावरच्या पुष्कळ ओव्या येतात. मोबाईलवर रेकॉर्ड करायला घेतलं की त्या शाळेतल्या कवितेसारख्या म्हणतात, नाहीतर दोन ओव्या म्हणून 'झालं बाई' म्हणतात. काय करावं? – एक वाचक, जांबोटी (ता. खानापूर)

उत्तर : त्यांच्यासमोर जातं ठेवा. ओवी दळण्याच्या ठेक्यावर बसलेली असते; हात मोकळे ठेवून म्हणायला लावलं तर चाल आठवत नाही, आणि चाल गेली की शब्दही मागोमाग जातात. परसात पडलेलं असेल ते जातं धुऊन आणा, मूठभर तांदूळ घाला, आणि खुंट्याला दुसरा हात तुमचा किंवा त्यांच्या एखाद्या मैत्रिणीचा लागू दे. दोघी असल्या की एकीनं ओळ म्हणायची, दुसरीनं उचलायची, आणि एकीची ओवी ऐकून दुसरीला आपली आठवते. जात्याच्या घरघरीत शब्द बुडतील म्हणून घाबरू नका. मोबाईल जमिनीवर किंवा जात्यालगत ठेवू नका, हादरे येतात. आजींच्या तोंडाच्या उंचीला, खांद्याच्या बाजूनं, वीतभर अंतरावर धरा.

तुमच्याआधी हे काम केलेली माणसं आहेत, आणि ती आपलीच. पुण्याच्या हेमा राईरकर आणि गी पॉइत्व्हँ यांनी सहकाऱ्यांसोबत महाराष्ट्राच्या खेड्यापाड्यांतून एक लाखाहून जास्त ओव्या गोळा केल्या. त्यातल्या कित्येकींचं ध्वनिमुद्रणही आहे. 2017 पासून पारीच्या (पीपल्स अर्काइव्ह ऑफ रूरल इंडिया) संकेतस्थळावर त्या येताहेत. आजींना त्यातल्या दोनचार ऐकवा. 'आमच्याकडं अशी नाही म्हणत' असं त्या म्हणाल्या की लगेच रेकॉर्डिंग सुरू करा.

आणि ओव्या संपल्या की बंद करू नका. न्यूयॉर्कच्या ग्रँड सेंट्रल स्थानकात 2003 साली साध्या माणसांच्या गप्पा रेकॉर्ड करणाऱ्या स्टोरीकॉर्प्स संस्थेनं एक छोटी खोली उभारली. तिथं एकमेकांना ओळखणारी दोन माणसं चाळीस मिनिटं समोरासमोर बोलायची, पत्रकार कुणी नाही, आणि त्यांची संमती असेल तर ते बोलणं अमेरिकेच्या लायब्ररी ऑफ काँग्रेसमध्ये जपलं जायचं. नात आजीला जे विचारू शकते ते मला, इतकी वर्षं या धंद्यात काढून, विचारता येणार नाही. जावेबद्दल ओवी म्हणाल्या, तर कोणत्या जावेवरून आठवली ते विचारा. तुमची मुलगी असेल तर तिला बसवा. नातसुनेला सगळं सांगतीलच असं नाही.


प्रश्न : निपाणीत विड्या वळणाऱ्या बायकांच्या गप्पा रेकॉर्ड करायच्या आहेत. माईक कोणता घेऊ? – एक वाचक, निपाणी

उत्तर : आधी कानावर बसणारे चांगले हेडफोन घ्या आणि रेकॉर्ड करताना घालूनच बसा. पंखा, फ्रिज, शेजारचा टीव्ही, हे सगळं आपला कान गाळून टाकतो, यंत्र गाळत नाही. सध्याचा मोबाईल चालेल. फक्त विमान मोडवर टाका आणि फाइल डब्ल्यूएव्हीमध्ये (म्हणजे आवाज न दाबता) ठेवायची सोय असलेलं ॲप घ्या. पैसे साठले की कॉलरला लावायचा वायरचा माईक बघा. तेंदूच्या पानावर चालणारी कात्री, दोरा गुंडाळताना होणारी खसखस, यांचं रेकॉर्डिंग वेगळं करा. उठताना सगळ्यांना हात जोडून एक मिनिट गप्प राहायला सांगा आणि त्या खोलीचं नुसतं वातावरण घ्या. संपादन करताना दोन तुकड्यांमधली फट त्यानं भरते. बायका हसतील. हसू दे, तेही घ्या.


प्रश्न : वडगावातल्या एका विणकर मावशींनी बोलता बोलता नवऱ्याच्या कर्जाबद्दल बरंच सांगितलं. दुसऱ्या दिवशी म्हणाल्या, 'ते नको हं घालू.' पण माझ्या रूपकाचा जीव तोच आहे. – एक वाचक, बेळगाव

उत्तर : काढून टाक. त्यांच्यासमोर पुसून टाकलंस तर आणखी बरं. ज्या गल्लीत उद्या त्यांना नळावर उभं राहायचंय, त्या गल्लीत तुझं रूपक मोबाईलवरून फिरणार आहे. नाव बदलून, आवाज जाडाबारीक करून चालेल का, हे तू पत्रात विचारलेलं नाहीस, पण मनात असेल म्हणून सांगते : वडगावात नाही चालायचं. माग ओळखतात तिथं लोक, माणूस तर सोडच. रूपकाचा जीव तेवढ्यातच असेल तर मावशींकडं पुन्हा जा. सुताचा भाव, सणाआधीची मागणी, वीज गेल्यावर माग थांबला की काय करतात, एवढं तरी त्या मोकळेपणानं बोलतील. कापलेल्या जागी जोड कानाला खटकत असेल, तर तिथं मागाचा आवाज थोडा वर घे.