कोरोनात माणसं रोगानं नाही, भीतीनं मेली, हे खरं आहे का?

तुम्ही विचारलंय की कोरोनात माणसं रोगापेक्षा भीतीनंच जास्त मेली असं तुमच्याकडं सगळे म्हणतात, ते कितपत खरं, आणि पुढं अशी साथ आली तर मन खंबीर कसं ठेवायचं.

खरं नाही. हे वाक्य मी लग्नात ऐकलंय, रक्षाविसर्जनाला ऐकलंय, दुकानात तर कायमच. सांगणारा दर वेळी वाचलेला माणूस असतो. गेलेल्यांचं मत कोण विचारणार?

माझं कोल्हापुरात, शुक्रवार पेठेत औषधांचं दुकान आहे. 2020 आणि 2021 ही दोन्ही सालं काउंटरमागं उभा राहून काढली, त्यामुळं भीती भरपूर बघितली. कापूर-ओव्याच्या पुरचुंड्या हुंगत आलेली माणसं, वाफेचं मशीन संपलं म्हटल्यावर माझ्यावरच खेकसणारी माणसं. 'झोपेची गोळी द्या की एखादी, चिठ्ठी घरात राहिली' म्हणणारी तर चांगली शहाणीसुरती, कर्ती माणसं होती. (अल्प्राझोलाम शेड्यूल एच-वनमध्ये येते, चिठ्ठीशिवाय देता येत नाही, रजिस्टरला नोंद करावी लागते. दिली नाही म्हणून गल्लीतले काहीजण अजून माझ्याशी धड बोलत नाहीत.) पण भीतीनं मेलेला माणूस काही मी बघितला नाही. माझ्या ओळखीतले जे गेले, त्यातले बरेचसे न भिणारे होते. 'टायफॉईड हाय, हुतंय बरं' म्हणत ताप अंगावर काढला आणि दवाखान्यात पोचेपर्यंत फुफ्फुसं गेलेली.

भीतीला दोष द्यायचाच असेल तर गल्लीच्या भीतीला द्या. टेस्ट पॉझिटिव्ह आली तर दारापुढं बांबू बांधतील, शेजारी खिडक्या लावून घेतील, पोरीचं जमलेलं मोडेल. ह्या भीतीपायी लोक तपासणीला गेले नाहीत. आणि ती भीती घालणारे कोण होते? तेच, जे आज 'माणसं उगाच भ्याली' म्हणतात.

आता माझ्या चुलत्यांचं सांगतो, कारण तुमचा प्रश्न वाचून पहिल्यांदा तेच डोळ्यांपुढं आले. तरुणपणी तालमीत घाम गाळलेला माणूस, मास्क कायम हनुवटीला. मे 2021 मध्ये त्यांना ताप आला. मी ऑक्सिमीटर घेऊन गेलो तेव्हा कॉटवर बसून चहात बटर बुडवून खात होते आणि टीव्हीवाल्यांना शिव्या घालत होते. 'मला काय धाड भरल्या?' बोट धरून मशीन लावलं. 86. दुसऱ्या बोटाला 85. मशीन बिघडलंय म्हणाले. माझ्या बोटाला लावून दाखवलं, 98. तरी बटर सोडलं नाही.

ही त्या रोगाची खोडच होती. रक्तातला ऑक्सिजन उतरत जातो, पण कार्बन डायऑक्साइड बाहेर पडत राहतो, त्यामुळं बऱ्याच जणांना धाप लागत नाही, माणूस गप्पा मारत असतो. म्हणजे जिथं भ्यायला पाहिजे तिथं शरीरच भिऊ देत नाही. चुलतभावानं त्यांना जवळजवळ उचलूनच गाडीत घातलं. सीपीआरला, म्हणजे इथल्या सरकारी दवाखान्यात, ऑक्सिजनचा बेड मिळाला, स्टिरॉइड मिळालं, काका परत आले. आल्याआल्या पहिलं वाक्य काय? 'मन खंबीर हुतं म्हणून वाचलो.' ऑक्सिजनचं नाव नाही. त्या किटमध्ये घामानं निथळत त्यांची डायपर बदलणाऱ्या सिस्टरचं तर नाहीच नाही.

एवढ्यावर राहिले असते तर मी सोडून दिलं असतं, वयस्कर माणूस आहे. पण ते ह्या वाक्याला पुरावा म्हणून माझ्या थोरल्या भावाचं उदाहरण देतात, तेही चारचौघात.

दादा उद्यमनगरात लेथवर होता. ऑइलनं काळे झालेले हात चिंधीला पुसून डबा खाणारा माणूस. पहिल्या लॉकडाऊनमध्ये त्यानं नोटांना इस्त्री मारायला सुरुवात केली तेव्हा कुणाला काही वाटलं नाही, तेव्हा घरोघरी हेच चाललं होतं. दुधाच्या पिशव्या साबणानं धुवायच्या, भाजी मिठाच्या पाण्यात, पेपर बंद. काका सोडून सगळी भावकी त्याचं कौतुक करायची, काळजी घ्यावी तर दादानं. पुढं लोकांचं धुणं कमी होत गेलं आणि ह्याचं वाढत गेलं. नळ कोपरानं उघडायचा. हात धुऊन बंद करताना नळाला बोट लागलं की पुन्हा पहिल्यापासून. सकाळी नऊलाच वरची टाकी रिकामी. पेरांवरची कातडी फाटून रक्त यायचं आणि त्यावर हा सॅनिटायझर ओतायचा, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत. कारखाना सुरू झाला, बोलावणं आलं, तो गेला नाही. वहिनी शिवणकामावर घर चालवायला लागली.

सप्टेंबर 2020 मध्ये 'माझे कुटुंब, माझी जबाबदारी' मोहिमेत आशाताई घरी आल्या. ताप बघितला, ऑक्सिजन बघितला, बीपी-शुगर आहे का विचारलं. दादाचे सगळे आकडे उत्तम. फाटक्या हातांकडं कुणाचं लक्ष गेलं नाही. आशाताईंना बोल लावत नाही, उन्हापावसात दारोदार फिरत होत्या बिचाऱ्या. पण कागदावर आमच्या घरातला सगळ्यात निरोगी माणूस तो ठरला.

मग जुलै 2021 चा पूर. गल्लीत पाणी आलं, आणि पुराचं पाणी म्हणजे नदी आणि गटार एकच. आम्ही सामान माळ्यावर टाकून बाहेर पडलो. दादा जिन्याच्या तिसऱ्या पायरीवर उभा. खाली गुडघाभर काळं पाणी, त्यात तो पाय घालेना. वहिनी रडत होती, तो नुसता थरथरत होता, तोंडातून शब्द नाही. शेवटी चुलतभावानं त्याला पाठीवर घेऊन बाहेर काढलं. आणि कोपऱ्यावर सगळी गल्ली उभी असताना काका मोठ्यानं म्हणाले, 'बघा, भित्र्याची काय गत हुत्या. डोस्क्यातनं काढून टाक म्हणावं.'

ते वाक्य मी विसरलेलो नाही. विसरणारही नाही.

पाणी उतरल्यावर आम्ही त्याला मानसोपचारतज्ज्ञाकडं नेलं. मिरजेला. कोल्हापुरात डॉक्टर नाहीत असं नाही, ओपीडीच्या बाकावर ओळखीचं कुणी भेटायला नको ही वहिनीची अट. तिकडंही काकांचं तोंड चालूच, 'येडा ठरवताय व्हय त्याला? उद्या रत्नागिरीला टाकाल.' (तिथं मनोरुग्णालय आहे.) निदान झालं ओसीडी, म्हणजे मनात तीच शंका पुन्हा पुन्हा येते आणि माणूस तीच कृती पुन्हा पुन्हा करत राहतो, असा आजार. गोळी सुरू झाली फ्लुवोक्सामिन. (गंमत बघा, हीच गोळी 2021 मध्ये ब्राझीलमध्ये कोरोनाच्या रुग्णांवर तपासून बघत होते.) गुण यायला दोन-अडीच महिने लागतील, मध्येच सोडू नका, असं डॉक्टरांनी बजावलं. गोळीबरोबर सराव. दाराच्या कडीला हात लावायचा आणि न धुता बसून राहायचं. आधी थोडा वेळ, मग जास्त. जीव कासावीस व्हायचा त्याचा, बघवत नव्हतं. पण ती कासाविशी आपोआप ओसरते हे त्याला स्वतःला कळायला लागलं, आणि तिथून गाडी वळली. आज तो परत लेथवर आहे. घरात कुणाला जुलाब-उलट्या झाल्या की थोडं डोकं वर काढतं, नाही असं नाही.

तर आता काकांचा हिशोब असा: दादा भ्याला म्हणून कामातून गेला, मी भ्यालो नाही म्हणून वाचलो. दोन्ही टोकं चूक. दादाला भीती 'जास्त' झाली नव्हती, त्याला आजार झाला होता, आणि काका भ्याले नाहीत म्हणूनच मरणाच्या दारात पोचले. मास्क लावणं, लस घेणं, ताप आल्यावर तपासून घेणं ह्याचा धाडसाशी काही संबंधच नाही. पंचगंगा राजाराम बंधाऱ्यावर 39 फुटांवर गेली की इशारा आणि 43 ला धोका, हे इथल्या शाळकरी पोरालाही पाठ आहे. 2019 चा पूर बघितल्यावर 39 ला म्हशी सोडून वर नेणाऱ्याला कुणी भित्रा म्हणत नाही. 'मन खंबीर ठेव, पाणी येत नाही' असं म्हशीच्या मालकाला सांगून बघा.

आणि हो, काका मोठ्या अभिमानानं सांगतात की शाहू महाराजांच्या काळात प्लेग आला तेव्हा आमचे पणजोबा घर सोडून बाहेर माळावर झोपडीत राहिले होते. तेव्हा गावंच्या गावं अशी बाहेर पडली होती. मग काका, पणजोबा भित्रे होते का?

तुमच्या दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर माझ्याकडं अर्धंच आहे. मन खंबीर कसं ठेवायचं ते मला माहीत नाही, आणि सांगणाऱ्यांवर माझा विश्वास नाही. कामाचं एवढंच सांगतो, जे मिरजेच्या डॉक्टरांनी वहिनीला समजावलं: वीस सेकंद हात धुतले, झालं, माणूस पुढच्या कामाला लागला, ही काळजी. धुऊनही मन मान्य करत नाही, दिवसाचे तास त्यात जायला लागले, कातडी फाटली, काम सुटलं, तर डॉक्टर गाठायचा. समजावून, ओरडून, देवऋषी करून वेळ घालवायचा नाही. आम्ही एकटे होतो असंही नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार महामारीच्या पहिल्याच वर्षात जगभर चिंता आणि नैराश्याचं प्रमाण सुमारे 25 टक्क्यांनी वाढलं. बातम्या कमी बघा, झोप सांभाळा वगैरे तुम्ही ऐकलंच असेल, ते बरोबरच आहे.

मी केमिस्ट आहे, डॉक्टर नाही, तेव्हा औषधाची नावं वाचून दुकानात मागायला जाऊ नका. आणखी एक. त्या काळात काहींनी स्वतःचा जीव घेतला, हे मला माहीत आहे. रोजगार गेला, घरचं माणूस गेलं, शेवटचं तोंडही बघायला मिळालं नाही. त्यांना 'भीतीनं मेले' म्हणून मोकळं होऊ नका, त्यांना मदत मिळाली नाही असं म्हणा. आता टेलि-मानसचा 14416 हा मानसिक त्रासात मदतीसाठी सरकारी नंबर आहे, ऑक्टोबर 2022 पासून. फुकट आहे, चोवीस तास चालतो, मराठीत बोलता येतं. ओळख द्यायला लाज वाटत असेल तर निदान तिथून सुरुवात करा.

बाकी, माझ्याकडं मानसिक आजाराच्या गोळ्या नेणारे अजूनही 'काळ्या पिशवीत द्या' म्हणतात. स्ट्रिपवर नाव असलेला भाग कापून मागतात, घरात पित्ताची गोळी म्हणून सांगतात. मी नाव कापून देत नाही, एक्स्पायरी पण तिथंच असते. काका मात्र बीपीच्या गोळ्या राजरोस नेतात, महिन्याच्या महिन्याला, एक दिवस खंड नाही. गेल्या महिन्यात मी म्हटलं, राहू दे की काका ह्या वेळी, मन खंबीर आहे न्हवं तुमचं? गोळ्या उचलल्या आणि निघून गेले. पैसे वहीत मांडून ठेवलेत.