काचेला चिकटलेलं काहीही नको

परभणी जिल्ह्यातल्या एका ताई लिहितात: माळेगाव, येरमाळा, तुळजापूर अशा यात्रांत बांगड्या-खेळण्यांचं दुकान लावतो. लॉज परवडत नाही, म्हणून आम्ही दोघं आणि मुलगी व्हॅनमध्येच झोपतो. आतलं दिसू नये म्हणून काळी फिल्म लावली, मागच्या दोन काचांवर आतून प्लायवूड स्क्रूनं बसवलं. दोन चलान आले, भरले नाहीत. आता लोकअदालतीची नोटीस आली आहे.

ताई, आपल्याच गाडीत झोपणं हा गुन्हा नाही. तुमचं सगळं अडलंय ते फिल्मवर. सर्वोच्च न्यायालयानं २७ एप्रिल २०१२ ला अविषेक गोयंका प्रकरणात गाडीच्या काचांवर काळी फिल्म किंवा ‘इतर कोणतंही साहित्य’ लावायला मनाई केली. केंद्रीय मोटार वाहन नियमांतल्या नियम १०० प्रमाणे समोरच्या-मागच्या काचेतून ७० टक्के आणि बाजूच्या काचेतून ५० टक्के उजेड आरपार गेला पाहिजे. नियमातल्या नंतरच्या दुरुस्तीचा आधार घेऊन केरळ उच्च न्यायालयानं २०२४ मध्ये या मर्यादेतली फिल्म चालते असं म्हटलं. तो निकाल आपल्याकडे बंधनकारक नाही, आणि तुमच्या कामाचाही नाही. पन्नास टक्के उजेड जाणाऱ्या काचेमागे रात्री दिवा लावला की झोपलेली मुलगी बाहेरून दिसणारच. जी फिल्म आडोसा देते ती बेकायदा, जी कायद्यात बसते तिनं आडोसा होत नाही. म्हणून तो नादच सोडा.

प्लायवूड आजच काढा. तो मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ खालचा, म्हणजे गाडीच्या रचनेतला बदल ठरतो की नाही यावर वाद घालता येईल, पण ठरला तर कलम १८२अ मध्ये प्रत्येक बदलामागे ५,००० रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद आहे. तो धोका कशाला?

मग झोपायचं कसं? जुन्या जाड चादरीचे काचेच्या मापाचे तुकडे शिवा, कडेला चुंबक घाला. गाडी उभी केल्यावर पत्र्याच्या चौकटीला आतून लावा, इंजिन चालू करण्याआधी काढा. उभ्या गाडीत रात्रीपुरत्या अशा पडद्याला माझ्या मते हरकत निघू नये. चालत्या गाडीत मात्र एक तुकडाही राहू देऊ नका. एक काच चार बोटं उघडी ठेवा, आणि एसीसाठी इंजिन चालू ठेवून कधीही झोपू नका, धुराचा विषारी वायू आत साचतो. गाडी यात्रेच्या वाहनतळावर लावा, रस्त्याच्या कडेला नको. पोलिसांनी काच वाजवली तर लगेच उघडा, आरसी आणि आधार दाखवा.

चलान तसेच पडू दिलेत, याचा मला खरंच राग आहे. पहिल्याच चलानाला फिल्म खरवडली असती तर दुसरं आलंच नसतं. आता लोकअदालतीची तारीख चुकवू नका. जाताना दोन्ही चलान, आरसी आणि स्वच्छ काचांचे चारही बाजूंचे फोटो न्या.