दर पावसाळ्यात पाण्याखाली जाणारे कोल्हापूरचे बंधारे उंच का बांधत नाहीत?

पंचगंगेवरचे बंधारे बुडाल्याची बातमी दरवर्षी येते, तेव्हा ते बांधतानाच चुकले का, असं तुम्ही विचारलंय. चुकलेले नाहीत. पुरात बुडणार हे धरूनच ते बांधलेत, आणि माझ्या मते खरं डोकं तिथेच लावलेलं आहे.

राधानगरी धरणातून सोडलेलं पाणी शेतापर्यंत न्यायला इथे कालव्याऐवजी भोगावती आणि पंचगंगेचं पात्रच वापरतात. ठिकठिकाणी बंधारे घालून पाणी अडवायचं आणि काठावरच्या मोटारींनी उपसायचं. या अडवणुकीची गरज पावसाळा सरल्यावरची. पावसाळ्यात नदीच्या वाटेत जितकं कमी येईल तितकं बरं. म्हणून कायमची भिंत नाही. पात्रात खांब, दोन खांबांमध्ये साधारण दोन मीटरचा गाळा, खांबांना उभ्या खाचा आणि त्या खाचांत एकावर एक सरकवलेले बरगे, म्हणजे पाणी अडवणाऱ्या आडव्या फळ्या. वर स्लॅब, तोच गावांचा जवळचा रस्ता. हीच रचना पुढे महाराष्ट्रभर के.टी. वेअर, म्हणजे कोल्हापूर टाईप बंधारा, म्हणून गेली.

पूर्वी बरगे लाकडी असत. दोन ओळी लावून मधल्या फटीत चिकणमाती ठासायची. आता लोखंडी बरगे आणि कडेला रबर. हे रबर खालच्या अंगाला, प्रवाह जातो त्या बाजूला हवं. पाणीच बरगा खांबावर दाबतं आणि फट बंद होते. उलटा बसवला तर गळती थांबत नाही. खाचेत खडा अडकला किंवा बरगा वाकला असेल तरी तेच. म्हणून बरगे घालण्याआधी खाचा आणि तळ साफ करणं हे निम्मं काम.

वेळ चुकली की मात्र नुकसान मोठं. पूर ओसरल्यावर, बहुधा ऑक्टोबरात, बरगे घालतात. घाई केली आणि परतीचा पाऊस जोरात आला तर ते काढता येत नाहीत. हिशेब करून बघा: गाळा दोन मीटर, बरगा अर्धा मीटर उंच, म्हणजे एक चौरस मीटर. मागे तीन मीटर पाणी असेल आणि पुढचं पात्र उघडं असेल तर सर्वांत खालच्या बरग्यावर सुमारे पावणेतीन टन दाब येतो. खाचेतल्या घर्षणामुळे तो हलतच नाही. मग नदी बंधाऱ्याला वळसा घालते आणि काठ कापत जाते. उशीर केला तर प्रवाह आटतो, साठा भरत नाही. जूनच्या आत काढले नाहीत तर वाहून आलेली झाडं आणि जलपर्णी गाळ्यांत अडकून वरच्या अंगाला पाण्याची फुग चढते.

आता बुडण्याचं. पूर्ण बुडालेल्या बंधाऱ्याच्या मागे आणि पुढे पाण्याची पातळी जवळजवळ सारखी होते, त्यामुळे त्याला ढकलणारा फरकाचा दाब फार उरत नाही. जास्त ताण येतो तो मागे भरलेलं आणि पुढे रिकामं असताना. उंच केला तर खांब, स्लॅब आणि भराव पुराला आडवे येतील, पाणी वरच्या गावांत पसरेल. कायमची भिंत घातली तर तिच्यामागे गाळ साचत जाईल. उघड्या गाळ्यांतून पुराबरोबर तो बराचसा निघून जातो.

या पद्धतीची खरी दुखरी बाजू उन्हाळ्यात दिसते. अडलेल्या संथ पाण्यात सांडपाणी साचतं, जलपर्णी माजते, आणि बरगे काढले की ते सगळं एकदम खाली जातं, मासे मरतात. बंधारा उंच करण्यापेक्षा सांडपाणी शुद्ध करूनच नदीत सोडण्याकडे लक्ष गेलं पाहिजे.

आणि पुरात रस्ता चालू आहे का हे ठरवायला राजाराम बंधाऱ्यावर मोजलेल्या पाणीपातळीच्या आकड्यावर विसंबू नका. 39 फूट ही इशारा आणि 43 फूट ही धोका पातळी पंचगंगेची आहे. बंधाऱ्यांवरचे रस्ते त्याच्या कितीतरी आधी पाण्याखाली जातात. स्लॅबवर पाणी वाहताना दिसलं की गाडी मागे फिरवून पुलावरून जा. कठडा नसतो, कड दिसत नाही, आणि दोन फूट वाहतं पाणी चारचाकीसुद्धा उचलून नेतं.