वापरलेल्या खाद्यतेलापासून खरोखर प्लास्टिक बनते का, आणि आमच्या घरगुती व्यवसायातील तेल त्यासाठी कुणाला द्यावे?

आपण ऐरोलीत घरगुती फरसाण आणि दिवाळीचा फराळ बनवता, तळणीचे बरेच तेल उरते, आणि त्यापासून पर्यावरणपूरक प्लास्टिक बनते असे वाचनात आल्यामुळे ते प्लास्टिक कुजते का व तेल कुणाला द्यावे, असे आपण विचारले आहे. मी रबाळे एमआयडीसीत पीव्हीसीला मऊपणा आणणारी रसायने बनवणाऱ्या कारखान्याच्या प्रयोगशाळेत काम करतो आणि वनस्पती तेल हा आमचा रोजचा कच्चा माल आहे. प्लास्टिक बनते हे खरे. परंतु ते कुजणार की नाही हे ते तेलापासून बनले यावर ठरत नाही, तेलाचे पुढे काय केले यावर ठरते.

तेलाचा रेणू म्हणजे ग्लिसरीनला जोडलेल्या मेदाम्लांच्या तीन लांब साखळ्या. त्यांतील काही साखळ्यांत कार्बनचे दुहेरी बंध असतात आणि आमच्या दृष्टीने तेलाची खरी किंमत या बंधांतच असते, कारण नवीन काही जोडायचे झाल्यास ते प्रामुख्याने तिथेच जोडता येते. हे बंध किती आहेत ते आयोडीन मूल्यावरून कळते. ताज्या सोयाबीन तेलाचे आयोडीन मूल्य साधारण १२० ते १४० भरते, तर पामतेलाचे पन्नाशीच्या आसपास. त्यामुळे फरसाणवाले सर्रास वापरतात ते पामतेल या कामाला मुळातच कमी पडते. त्यात तळताना हेच बंध खर्ची पडतात. उष्णता आणि हवा यांमुळे काही बंधांचे ऑक्सिडीकरण होते, काही साखळ्या एकमेकींना जोडल्या जाऊन तेल दाट होते (कढईच्या काठावर बसणारा, घासूनही न निघणारा तपकिरी चिकट थर हा एक प्रकारचा पॉलिमरच, म्हणजे प्लास्टिकसारखा लांब साखळ्यांचा पदार्थ आहे), आणि पदार्थातील पाण्यामुळे काही साखळ्या ग्लिसरीनपासून सुटून मुक्त मेदाम्ले तयार होतात.

ही मुक्त मेदाम्ले मोजणे हे नमुना आल्यावर आमचे पहिले काम असते. गाळलेले तेल अल्कोहोलमध्ये मिसळून त्यात अल्कलीत गुलाबी होणाऱ्या फिनॉल्फ्थॅलीनचे थेंब टाकायचे आणि ब्युरेटमधून, म्हणजे मापाच्या खुणा असलेल्या नळीतून, अल्कली हळूहळू सोडायची. ताज्या तेलात पहिल्या काही थेंबांतच गुलाबी रंग येऊन टिकतो. पुन्हा पुन्हा तापवलेल्या तेलात मात्र तो येतो, फ्लास्क हलवला की नाहीसा होतो, आणि ब्युरेटमधील पातळी खाली जातच राहते, कारण मुक्त मेदाम्ले अल्कली संपवत राहतात. असे तेल आधी शुद्ध करावे लागते आणि तो खर्च पुष्कळदा मालाच्या किमतीला परवडत नाही.

तेल बऱ्यापैकी असेल, तर हायड्रोजन पेरॉक्साइड आणि फॉर्मिक किंवा ॲसेटिक आम्लाच्या साहाय्याने दुहेरी बंधांच्या जागी ऑक्सिजनची छोटी कडी बसवता येते. या इपॉक्सिडीकृत तेलाने पीव्हीसी मऊ राहते आणि पीव्हीसीतून सुटणारे हायड्रोक्लोरिक आम्लही ही कडी पकडून ठेवते. हीच कडी उघडून पॉलिऑल नावाचे रसायन बनवले, तर त्यापासून गाद्यांचा किंवा शीतपेट्यांचा पॉलियुरेथेन फोम तयार होतो. पाण्याचे पाइप, रेक्झिन, चपलांचे तळवे यांसाठी वापरलेल्या तेलापासून बनवलेले असे रसायन घेण्यास हरकत नाही. अन्नाला स्पर्श होणाऱ्या वस्तूंत मात्र ते वापरू नये, असे माझे ठाम मत आहे. यांतील काहीही घरी करून पाहू नका. ही अभिक्रिया स्वतःच उष्णता निर्माण करते आणि पेरॉक्साइड घाईने ओतले तर ती हाताबाहेर जाऊन स्फोट होऊ शकतो.

दुसऱ्या मार्गात तेलावर हायड्रोजनची प्रक्रिया करून त्यापासून नाफ्ता हा पेट्रोलसारखा हलका द्रव मिळवतात. १९६० च्या दशकात आपल्या ठाणे-बेलापूर रस्त्यावर नोसिलच्या कारखान्यात खनिज नाफ्त्याचे भंजन करून, म्हणजे उष्णतेने त्याचे रेणू तोडून, प्लास्टिकचा कच्चा माल बनू लागला होता. इथे नाफ्ता तेवढा बदलतो, पुढचे सगळे तेच. बहुतेक वेळा तो खनिज नाफ्त्यातच मिसळला जातो आणि कोणत्या पिशवीत किती वाटा तेलाचा, हे फक्त हिशेबाच्या वहीत ठरते. खनिज तेलाची बचत होते, ही मोलाची गोष्ट आहे. परंतु तयार होणारे पॉलिथिन नेहमीचेच असते आणि ठाण्याच्या खाडीत पडले तर तितकीच वर्षे राहील.

कुजणारे प्लास्टिक हवे असेल, तर जिवाणूंकडे जावे लागते, आणि मला सर्वाधिक आशा याच मार्गाकडून आहे. क्युप्रिॲव्हिडस नेकॅटर नावाचा जिवाणू तेल खाऊन आपल्या पेशीत पीएचए (पॉलिहायड्रॉक्सीअल्कॅनोएट) या पॉलिएस्टर प्रकारच्या प्लास्टिकचे कण साठवतो. अनुकूल परिस्थितीत एक किलो तेलापासून ६०० ते ८०० ग्रॅम पीएचए मिळू शकते, म्हणजे साखरेपासून मिळते त्याच्या जवळपास दुप्पट. शिवाय खराब तेलातील मुक्त मेदाम्लेही त्याला चालतात. हे प्लास्टिक मातीत आणि समुद्रातही विघटित होते. अडचण किमतीची आहे: पेशी फोडून ते वेगळे करणे अजून महाग पडते.

आज गोळा होणारे बहुतेक तेल बायोडिझेलकडे जाते, त्यामुळे आपले तेल प्लास्टिकसाठीच जावे असा आग्रह धरू नका. भारतीय अन्न सुरक्षा व मानके प्राधिकरणाने १ जुलै २०१८ पासून टोटल पोलर कंपाऊंड्स (तळताना तेल बिघडून तयार होणारी संयुगे) २५ टक्क्यांहून अधिक असलेले तेल अन्नासाठी वापरण्यास मनाई केली आहे, आणि त्याच वर्षी वापरलेले तेल गोळा करण्यासाठी ‘रुको’ हा उपक्रम सुरू केला. दारावर येऊन चढा भाव देणाऱ्याला तेल देण्याआधी तो या उपक्रमात नोंदणीकृत संकलक आहे का हे विचारा आणि पावती घ्या, कारण असे तेल रंग उडवून पुन्हा खाण्यासाठी विकले जाण्याचा धोका असतो. तेल थंड झाल्यावर बेसनाचा गाळ राहणार नाही असे फडक्याने गाळून कोरड्या, झाकणाच्या डब्यात ठेवा. पाणी शिरू देऊ नका आणि सोयाबीन किंवा सूर्यफुलाचे तेल पामतेलात मिसळू नका. आपल्या एकटीचे तेल थोडे वाटत असेल, तर सोसायटीतील इतर घरांचे तेल त्याच पद्धतीने एकत्र करा. डबा भरलेला असला की संकलक नियमित येतात.